हलाल सर्टिफिकेट नक्की देतं कोण? सरकार की आणखी कुणी? (पुण्यातून दुबईला फराळाचा माल पाठवायचाय)

मेतकूट_धायरी

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज धागा काढतेय कारण घरात चार जणांनी चार गोष्टी सांगितल्यात आणि माझं डोकं फिरलंय.

आमचं धायरीला छोटं युनिट आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चकली, शंकरपाळी, नानकटाई, मसाला शेंगदाणे. सगळं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. एफएसएसएआयचं लायसन्स आहे, इम्पोर्ट एक्स्पोर्ट कोड काढून झालाय. दुबईतला एक होलसेलवाला आहे, मूळचा केरळचा, त्याला सॅम्पल आवडली, ऑर्डर द्यायला तयार आहे पण म्हणतो नानकटाई आणि शेंगदाण्यांना हलाल सर्टिफिकेट हवं, बाकीच्यांना असलं तर चांगलंच. त्याच्या ओळखीतून मलेशियाची पण चौकशी आलीय.

आता गंमत बघा. यांचे एक मित्र म्हणतात हलाल हल्ली सरकारच देतं, २०२४ पासून नियम झालाय. दीर म्हणतात यूपीत बंदी आहे, उद्या आपल्याकडे येईल, वहिनी त्या भानगडीत पडू नका. सासूबाईंचं म्हणणं चकलीत कसलं डोंबलाचं हलाल. आणि एका एजंटचा फोन नंबर मिळाला तर तो म्हणतो "मॅडम, गव्हर्नमेंट अप्रूव्हड आहे, आठ दिवसांत पीडीएफ हातात, कारखाना बघायला पण कोणी येणार नाही." हे ऐकून मला उलट धडकीच भरली, कारखाना न बघता कसलं सर्टिफिकेट?

तर विचारायचं हे की हे देतं कोण, सगळ्या मालाला लागतं का, आणि एकदा घेतलं की दुबई-मलेशिया दोन्हीकडे चालतं का. कृपया धर्मावरून भांडण नको, ऑर्डर अडलीय हो.

खवय्या_कोथरूड

आधी नानकटाईचं दुकान कुठे ते सांगा, कायद्याचं नंतर बघू.
भांडण नको म्हणालात म्हणजे आता होणारच. चहा टाकून बसतो.

कागदी_घोडे

ताई, यांच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे आणि त्या निम्म्यातच लोक फसतात.

पहिलं म्हणजे भारत सरकार कुणालाही हलाल सर्टिफिकेट, म्हणजे इस्लामच्या नियमांनी हे खायला चालतं असा दाखला, देत नाही. एफएसएसएआय देत नाही, आपल्या एफडीएत (राज्याच्या अन्न खात्यात) जाऊन विचारलंत तर तेही नाही म्हणतील. देशात माल विकायला हलालचा शिक्का लागतो असा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. शिक्का देतात त्या खासगी संस्था, कोणी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, कोणी ट्रस्ट. चेन्नईची हलाल इंडिया, दिल्लीचा जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट ही मोठी नावं, शिवाय आणखी बऱ्याच आहेत.

मग २०२४ चं काय? तो नियम डीजीएफटीचा, म्हणजे दिल्लीतल्या परकीय व्यापार महासंचालनालयाचा, आणि तो फक्त मांस आणि मांसाच्या पदार्थांच्या निर्यातीपुरता आहे. एप्रिल २०२३ मध्ये नोटीस निघाली, मग मुदतवाढ, परत मुदतवाढ, आणि शेवटी १६ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. १५ देश आहेत त्यात, सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे आखातातले सहा, इराण, इराक, जॉर्डन, तुर्कस्तान, बांगलादेश, आणि तिकडे मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर, फिलिपिन्स. या देशांत मांस हलाल म्हणून पाठवायचं असेल तर ते जिथे तयार झालं, प्रोसेस झालं, पॅक झालं त्या युनिटकडे 'आय-कॅस हलाल' योजनेखालचं सर्टिफिकेट पाहिजे. योजना क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची. आणि नुसतं युनिटचं असून भागत नाही, पाठवलेल्या मालाबरोबर ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट म्हणून वेगळा कागद खरेदीदाराला द्यावा लागतो.

यातही सरकार स्वतः हलाल-हराम ठरवत नाही हे लक्षात घ्या. आरटीओ जसा स्वतः गाडी शिकवत नाही, ड्रायव्हिंग स्कूलला परवाना देतो, तसं आहे हे. सर्टिफिकेट खासगी संस्थाच देते, त्या संस्थेची तपासणी करून मान्यता देतं क्वालिटी कौन्सिलचं एनएबीसीबी हे मंडळ. आधी कोणीही उठून हलाल सर्टिफिकेट देऊ शकत होतं, मांसाच्या निर्यातीत तरी ते आता बंद झालं. मोठा बदल आहे हा, कारण आपण जे मांस बाहेर पाठवतो ते मुख्यतः म्हशीचं (गाय-बैल-वासराच्या मांसाची निर्यात आपल्याकडे बंदच आहे) आणि त्याचं गिऱ्हाईक बरंचसं याच देशांत आहे.

तुमची चकली मांस नाही, त्यामुळे हा नियम तुम्हाला लागत नाही. म्हणजे एजंटचं ते "गव्हर्नमेंट अप्रूव्हड" तुमच्या मालाच्या बाबतीत कशाच्या आधारावर आहे ते त्यालाच विचारा. बाकी उद्या लिहितो, मार्च एंड आहे, ऑफिसात गर्दी आहे.

सडेतोड_९९

वा. म्हणजे शंकरपाळ्याला पण आता परवानगी घ्यायची. एफएसएसएआय कशाला आहे मग? कर भरतो, लायसन्स घेतो, लॅब टेस्ट करतो, आणि वर परत एका खासगी ट्रस्टला पैसे द्यायचे, तो खर्च शेवटी माझ्यासारख्या गिऱ्हाइकाच्या खिशातून. हा समांतर करच आहे. यूपीने केलं ते योग्य केलं. वंदे भारतमध्ये चहाच्या प्रिमिक्सवर हलाल छापलेलं होतं, २०२३ चा तो व्हिडिओ बघा. सुप्रीम कोर्टात तर सिमेंट आणि सळयांना पण हलाल दिलं म्हणून सांगितलं गेलं. सिमेंट कोण खातं?

ताई तुम्हाला काही बोलत नाही, धंदा आहे तुमचा. पण प्रश्न विचारायला हवा.

कॅम्पकर

@सडेतोड_९९ प्रश्न जरूर विचारा, मीपण विचारतो, आणि मी तर मुसलमान आहे.

आधी एक सांगतो. कॅम्पात शिवाजी मार्केटला किंवा कोंढव्यात मटणाच्या दुकानात कुणी सर्टिफिकेट बघत नाही. माझे वडील एकाच खाटकाकडून आयुष्यभर मटण आणत आले, तो कापताना काय म्हणतो, कसं कापतो ते सगळ्या गल्लीला माहिती. तिथे शिक्क्याची गरजच नाही. शिक्का लागतो तो पाकिटाला, कारण पाकिटाच्या मागे कोण आहे ते मला दिसत नाही. माझ्या बायकोला बिस्किटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायला भिंग लागतं आणि वाचून पण काय कळतं, ४७१, ६३१, हे आकडे. तुम्ही हिरवा ठिपका बघून निर्धास्त पाकीट उचलता ना, तोही कुणीतरी कायद्याने लावायला लावला म्हणूनच आहे.

आता तुमच्या मुद्द्याचं. यूपीचा १८ नोव्हेंबर २०२३ चा आदेश हा हलाल सर्टिफिकेट असलेला माल बनवणं, साठवणं, विकणं यावर आहे, त्यात निर्यातीचा माल सोडलाय. म्हणजे त्यांनीसुद्धा ताईंसारख्यांना अडवलेलं नाही. महाराष्ट्रात तसा आदेश नाही. सिमेंटचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये सॉलिसिटर जनरलनी कोर्टात ते सांगितलं हे खरं, पण जमियतच्या ट्रस्टने आम्ही असलं काही दिलेलं नाही असं कोर्टातच उत्तर दिलंय हेही खरं. दोन्ही सांगा ना मग. आणि तो वंदे भारतचा चहा शाकाहारीच होता, रेल्वेनेही तेच सांगितलं होतं.

पण एक गोष्ट मला पण खटकते आणि ती आमचे लोक मोठ्याने बोलत नाहीत. देशातल्या मालासाठी हे सर्टिफिकेट देणाऱ्यांवर कुणाचा वचक आहे? एकाचा नियम एक, दुसऱ्याचा दुसरा. कोंबडी मशीनवर कापलेली एकाला चालते, दुसऱ्याला चालत नाही. कापायच्या आधी शॉक दिलेला एकाला चालतो, एकाला नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं एवढंच, हलाल. आणि ताईंना भेटला तसला आठ दिवसांत पीडीएफवाला निघाला की पहिली फसवणूक माझी होते, तुमची नाही. तुम्हाला शिक्का नकोच आहे, मला खरा हवाय. त्यामुळे सरकारने यात नियम आणला तर मला तरी आनंदच आहे, बंदी मात्र नको.

सडेतोड_९९

@कॅम्पकर "बंदी नको" हे मान्य नाही, पण बाकी शेवटचा परिच्छेद पटला. वचक कुणाचा हाच माझा पण मुद्दा आहे.
मग झटकावाल्यांनी पण काढावं सर्टिफिकेट. नितेश राणेंनी ते मल्हार काढलंच आहे.

कॅम्पकर

काढू दे की, मला काय अडचण. २०२५ च्या मार्चमध्ये निघालं ते, झटका मटणाच्या दुकानांसाठी. पण तिथेही तोच प्रश्न येणार, दुकान तपासणार कोण आणि तपासणाऱ्याला तपासणार कोण. तेही काही एफएसएसएआयचं नाही.

खवय्या_कोथरूड

दोघांचं एकमत झालं?! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

जुना_भट्टीवाला

मी बेकरीला लागणाऱ्या कच्च्या मालाच्या क्वालिटीमध्ये नोकरी केली, आता घरी बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सासूबाईंचा प्रश्न मला आवडला, चकलीत कसलं हलाल. खरंय, चकलीत फारसं काही नाही. भाजणी, तेल, तीळ, ओवा, तिखट, हिंग. तुमचा गोडा मसाला, मेतकूट यातही तपासायला फार नाही. त्या दुबईवाल्याने नेमकं नानकटाई आणि शेंगदाणे यांच्यावरच बोट ठेवलंय, म्हणजे माणसाला धंदा कळतो.

नानकटाई कशात करता? साजूक तुपात करत असाल तर सोपं आहे. पण बेकरी शॉर्टनिंग किंवा मार्गरीन वापरत असाल तर डब्यावर बघा, इमल्सिफायर ४७१ लिहिलेलं असेल. ४७१ म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड, चरबीपासून बनतात. चरबी पामची पण असू शकते आणि जनावराची पण, दोन्हीचा नंबर एकच. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचा माल असेल तर वनस्पतीचंच असायला पाहिजे, पण ऑडिटरला "असायला पाहिजे" चालत नाही, बनवणाऱ्या कंपनीचं लेखी पत्र लागतं की आमचं ४७१ वनस्पतीजन्य आहे म्हणून. दुसरं, व्हॅनिला इसेन्स. इसेन्समध्ये वास कशात तरी विरघळवून ठेवलेला असतो, कधी प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये, कधी अल्कोहोलमध्ये. अल्कोहोलवालं असेल तर तिथे गाडी अडते, किती चालतं याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, त्या वादात पडण्यापेक्षा अल्कोहोल नसलेला इसेन्स आणा, सरळ मिळतो. वेलची-जायफळ घालत असाल तर हा विषयच संपला.

इथे एक गोष्ट लोकांना कळत नाही. हिरवा ठिपका म्हणजे आपोआप हलाल असं नाही. ठिपका सांगतो प्राण्याचं काही नाही (दूध आणि मध सोडून). अल्कोहोलबद्दल तो काहीच सांगत नाही. दारूत भिजवलेल्या मनुकांचा केक हिरव्या ठिपक्याचा असू शकतो, हलाल नाही. उलट नियमाने कापलेली कोंबडी हलाल आहे पण ठिपका मिळणार नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही जुळतं, म्हणून वाटतं एकच आहे.

आता शेंगदाणे. मसाला स्वतः कुटता का तयार सीझनिंग आणता? तयार आणत असाल तर पिशवीवर ६२७ आणि ६३१ शोधा. चव वाढवायला असतात, चिप्स-नूडल्समध्ये सर्रास. ६३१ हे मासे किंवा मांसापासूनही काढता येतं आणि टॅपिओकाच्या स्टार्चवर आंबवून पण. या ६३१ वरून दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलं होतं की नुसता कोड नंबर छापून चालणार नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा की प्रयोगशाळेतला ते लिहा. ती याचिका मुसलमानांची नव्हती बरं का, गोरक्षणवाल्या एका ट्रस्टची होती. म्हणजे पाकिटात काय आहे ते स्पष्ट सांगा ही मागणी दोन्ही बाजूंची आहे, @सडेतोड_९९ तुम्ही याचा विचार करा. चीज फ्लेवरचं सीझनिंग असेल तर रेनेट कुठलं वापरलंय तेही विचारतील, दूध फाडायला वासराच्या पोटातलं एन्झाइम वापरतात त्याला रेनेट म्हणतात, आपल्याकडे मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासून काढलेलं) वापरतात पण बाहेरून आलेली चीज पावडर असेल तर भरवसा नाही. साखरेची चिंता करू नका, परदेशात काही रिफायनऱ्या हाडांच्या कोळशातून साखर गाळतात, आपले कारखाने बहुतेक गंधकाच्या धुराने रस साफ करतात.

एवढं खोलात का जातात याचं एक उदाहरण देतो. २००१ च्या सुरुवातीला इंडोनेशियात अजिनोमोटो बाजारातून परत घ्यावं लागलं होतं. अजिनोमोटोमध्ये डुकराचं काही नव्हतं. ते जिवाणू वापरून बनवतात, त्या जिवाणूंना वाढवायला जे खाद्य लागतं ते खाद्य तयार करताना डुकरापासून काढलेलं एन्झाइम वापरलं होतं. म्हणजे मालाच्या मागे खाद्य, खाद्याच्या मागे एन्झाइम. तयार पुडीत कुठल्याही लॅबला काही सापडलं नसतं. म्हणून हे प्रकरण लॅब टेस्टने मिटत नाही, कागद आणि कारखाना दोन्ही बघावं लागतं. त्यामुळे जो म्हणतो बघायला कोणी येणार नाही, त्याचा नंबर डिलीट करा.

ऑडिटला माणूस आला की काय बघतो? कच्च्या मालाची यादी, प्रत्येक सप्लायरचं पत्र, गोदामात काय कशाशेजारी ठेवलंय, त्याच भट्टीत दुसरं काय भाजता, दुसऱ्या कुणाला जॉबवर्क करून देता का. जॉबवर्कवर सगळ्यात जास्त लोक अडकतात, दिवाळीत शेजारच्याचा अंड्याचा केक भाजून दिला ते ठीक, पण रमचा ख्रिसमस केक भाजला असेल तर धुण्याची नोंद दाखवा म्हणतात. आणि ब्रश! ट्रेला तूप लावायचा ब्रश. रविवार पेठेतून केसांचा ब्रश आणलेला असेल तर ते केस बहुधा डुकराचेच असतात, फिकट पांढरट रंगाचे असतात ते. सिलिकॉनचा घ्या, स्वस्त आहे, धुवायलाही बरा. हा ब्रश मी किती ठिकाणी बदलायला लावलाय, कट्टर शाकाहारी घरांतसुद्धा, त्यांना सांगितल्यावर तोंडं बघण्यासारखी व्हायची.

मेतकूट_धायरी

बापरे. ब्रश!! आत्ताच जाऊन बघितला. बोलत नाही काही. उद्या सिलिकॉनचा येतोय आणि सासूबाईंना यातलं एक अक्षर सांगायचं नाहीये.

काका, नानकटाईला शॉर्टनिंगच वापरतो, साजूक तुपाचा भाव परवडत नाही हो होलसेलला. डब्यावर ४७१ आहे, सप्लायरला मेल टाकलाय. शेंगदाण्याचं सीझनिंग बाहेरचं आहे, त्यावर ६३१ आहे पण कशाचं ते लिहिलेलं नाही. वेलची घालतो त्यामुळे इसेन्सचा प्रश्न नाही.

@कागदी_घोडे दादा, दुबई-मलेशियाचं राहिलं.

कागदी_घोडे

आलो. शिक्का कुठला चालेल हे माल जिथे उतरतो तो देश ठरवतो, आपण नाही. हे एक डोक्यात ठेवा, पुढचं सोपं जातं.

यूएईत मांस, चिकन आणि ज्यात प्राण्यापासून आलेला घटक आहे अशा मालाला हलालचा कागद लागतो. निव्वळ वनस्पतीच्या मालाला सक्ती नाही, पण दुकानदार मागतो कारण त्याचं गिऱ्हाईक मागतं. म्हणजे तुमची चकली-भाजणी कायद्याने अडत नाही, नानकटाई त्या ४७१ च्या संशयामुळे अडते. सर्टिफिकेट घ्यायचंच तर तिथल्या उद्योग आणि प्रगत तंत्रज्ञान मंत्रालयाकडे नोंदलेल्या संस्थेचं घ्या, पूर्वी हे काम एस्मा नावाची संस्था बघायची, २०२० मध्ये ती या मंत्रालयात गेली, त्यामुळे जुने कागद दाखवणारे एजंट अजून एस्मा एस्मा करतात. आणि लेबलवर अरबीत माहिती लागते, ते वेगळं, त्याला हलालशी संबंध नाही पण कंटेनर त्याच्यावरच जास्त वेळा अडकतो.

मलेशियात कारभार एकदम वेगळा. तिथे जाकिम नावाचं सरकारी इस्लामिक खातं स्वतः हलाल देतं. इथे ट्रस्ट, तिथे सरकार. त्यांच्याकडे २०११ चा आदेश आहे, १ जानेवारी २०१२ पासून लागू, की हलाल लिहायचं तर जाकिमचंच, आणि बाहेरून आलेल्या मालावर लिहायचं तर जाकिमने मान्य केलेल्या परदेशी संस्थेचं. घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण लिहिलंत तर त्यांच्या यादीतलंच हवं. यादीत नसलेल्या संस्थेचा शिक्का छापून पाठवणं हे शिक्का न छापण्यापेक्षा वाईट, कारण मग तो खोटा दावा होतो. सिंगापूरलाही असंच, तिथे मुइस नावाचं सरकारी इस्लामिक मंडळ.

इंडोनेशिया सगळ्यात कडक. २०१४ चा ३३ नंबरचा कायदा, त्यात खाण्यापिण्याच्या मालाला हलाल सक्तीचं केलंय, बीपीजेपीएच ही सरकारी संस्था बघते. हलाल नसेल तर विकू शकता पण "हलाल नाही" असं पाकिटावर लिहून. टप्प्याटप्प्याने लागू करतायत, परदेशी खाद्यपदार्थांना १७ ऑक्टोबर २०२६ ही शेवटची मुदत ठरवलीय.

तर एकच सर्टिफिकेट सगळीकडे चालतं का, याचं उत्तर चालू शकतं पण आपोआप नाही. काही भारतीय संस्था दोन-तीन देशांच्या यादीत आहेत, काही एकाच्याही नाहीत. एजंटने दाखवलेल्या पीडीएफवर जाऊ नका, त्या त्या देशाच्या वेबसाइटवर जाऊन स्वतः नाव शोधा, शिवाय मान्यता कुठल्या प्रकारच्या मालासाठी आहे तेही बघा, कारण कत्तलखान्यासाठी मान्यता असली म्हणजे प्रोसेस्ड फूडसाठी असेलच असं नाही. आणि पैसे भरायच्या आधी दुबईवाल्याला त्या संस्थेचं नाव मेलवर कळवून लेखी होकार घ्या. फोनवर नको.

सडेतोड_९९

म्हणजे मलेशियात सरकारी आणि आपल्याकडे खासगी. मग आपल्याकडे पण सरकारनेच द्यावं, पैसे सरकारी तिजोरीत जातील, हिशोब उघडा राहील.

कागदी_घोडे

द्यायचं कुणी पण? अन्न खात्यातल्या इन्स्पेक्टरने हे धार्मिकदृष्ट्या चालतं म्हणून सही करायची? उद्या जैन मंडळी म्हणतील आम्हालाही सरकारी शिक्का द्या, मग कांदा-लसणावर दिल्लीत समिती बसेल. मला तरी क्वालिटी कौन्सिलची पद्धत बरी वाटते. धर्माचं ज्याचं त्याने ठरवावं, पण जो शिक्का विकतो त्याचे नियम लिहिलेले असावेत, ऑडिटर शिकलेला असावा, तक्रार करायला जागा असावी, आणि हे सगळं सरकारी मंडळाने तपासावं. हे मांसाच्या निर्यातीला केलं तसं बाकीच्या मालाला आणि देशातल्या पाकिटांना का करत नाहीत हे मला कळत नाही. म्हणजे बाहेरच्या ग्राहकाला तपासलेला शिक्का आणि कोंढव्यातल्या ग्राहकाला कुणीही दिलेला. सेंद्रिय मालाला केलंच ना, जैविक भारतचा लोगो आहे, त्याआधी कोणीही ऑरगॅनिक छापत होतं.

कॅम्पकर

हेच म्हणतोय मी. फक्त एक भीती आहे, नियम आणतो म्हणून सुरू करतील आणि मध्येच बंदी येईल. यूपीत निर्यातीला चालतो तो शिक्का तिथल्या दुकानात गुन्हा, हे लॉजिक मला अजून कोणी समजावलेलं नाही.

जुना_भट्टीवाला

@मेतकूट_धायरी सप्लायरचं पत्र आलं की नुसतं "व्हेजिटेरियन" लिहिलंय का "व्हेजिटेबल ओरिजिन" लिहिलंय ते बघा, दुसरं हवं. बॅच नंबर नसला तरी चालेल पण मालाचं पूर्ण नाव आणि कंपनीचा शिक्का हवा. सीझनिंगवाल्याने उत्तर नाही दिलं तर मसाला घरीच कुटा, तिखट, आमचूर, काळं मीठ, चिमूट साखर. चवीत जरा फरक पडेल पण लेबलवरचे आकडे जातील.

मेतकूट_धायरी

अपडेट देते. शॉर्टनिंगवाल्यांचं पत्र आलं, पामचं आहे, व्हेजिटेबल ओरिजिन स्पष्ट लिहिलंय. सीझनिंगवाल्याने "कंपनी पॉलिसीमुळे सांगू शकत नाही" असं कळवलं. सांगू शकत नाही म्हणे! मी वर्षानुवर्षं माझ्या एकादशीवाल्या गिऱ्हाइकांना विकतेय ते. बंद केलं तिथल्या तिथे, काकांच्या पद्धतीने दोन घाणे काढले, मुलींना आवडले, लाल तिखट जरा कमी करायला हवं.

दुबईवाल्याशी बोलले. चकली, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला पहिल्या खेपेला बिनशिक्क्याचे घेतो म्हणाला. नानकटाई आणि शेंगदाण्यांना त्यानेच दोन संस्थांची नावं दिली, त्यातली एक मलेशियाच्या यादीत पण सापडली, मी स्वतः बघितलं. त्यांचा माणूस धायरीला येऊन युनिट बघणार आहे. एजंटला नको म्हणून कळवलं तर म्हणतो "मॅडम, फीमध्ये डिस्काउंट देतो."

एक शेवटचं, शिक्का मिळाला तर पुण्यातल्या पाकिटावर पण छापू का? प्रिंटरवाला म्हणतो एकच डिझाइन केलं तर स्वस्त पडेल.

कागदी_घोडे

पाकिटं वेगळी करा. आपल्याकडे छापायला मनाई नाही, पण उद्या एखाद्या वितरकाने तोच माल लखनौला नेला तर डोकेदुखी तुमची. शिवाय दुबईच्या पाकिटावर अरबी लागतंच, म्हणजे डिझाइन तसंही वेगळं होणार. आणि सर्टिफिकेट ज्या मालाचं आहे त्याच पाकिटावर लोगो, नानकटाईचं मिळालं म्हणून चकलीवर छापू नका. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी रिन्यूअल टाका, नाहीतर माल न्हावाशेवाला आणि कागद एक्स्पायर, असं होतं.

खवय्या_कोथरूड

एवढं सगळं झालं तरी नानकटाई कुठे मिळते ते कोणी सांगितलं नाही.

मेतकूट_धायरी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते :)